आण्णा सारखे दवाखान्यात जातात, आई कधीच जात नाही. काळजी कुणाची करू?

पत्र:

नमस्कार मॅडम. माझं सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, माहेर कसबा बावड्यात. आण्णा ६२ वर्षांचे आहेत, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते, आता घरीच असतात. शुगरची गोळी चालू आहे, त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा गल्लीतल्या डॉक्टरांकडं जायचे, त्यापलीकडं दवाखाना नाही. पण गणपतीपासून बघतेय, दर पंधरा दिवसाला कुठंतरी जाऊन येतात. ॲसिडिटी म्हणून तीनदा, पाठ दुखते म्हणून राजारामपुरीत हाडाच्या डॉक्टरांकडं दोनदा, अशक्तपणा म्हणून एकदा सलाईन लावून आले, आत्याकडं गडहिंग्लजला गेले तर तिथं पोट साफ होत नाही म्हणून एका वैद्यांकडून पुड्या आणल्या. भाऊ म्हणतो, रिटायर झाल्यापासून काम नाही, दवाखान्याचा नाद लागलाय त्यांना. पँटी सैल झाल्यात पण ते म्हणतात मी गोड सोडलंय ना. मी मोबाईलवर वाचलं की कॅन्सर निघायच्या आधी माणसं जास्त वेळा डॉक्टरकडं जातात, तेव्हापासून झोप नाही. आईचं एक बरं आहे, ५६ वर्षांची झाली पण दवाखान्याची पायरी चढलेली नाही. मिश्री सोडली तर कसलं व्यसन नाही, फक्त हल्ली तिखट सोसत नाही तिला, भाजी वेगळी काढून घेते. तुम्हीच सांगा, आण्णांची काळजी करू का भाऊ म्हणतो तेच खरं?
कसबा बावड्याची लेक

उत्तर:

ताई, आधी कामाचं सांगते, मग कारणं. आण्णांना ह्याच आठवड्यात एका डॉक्टरांकडं न्या, एकाच, आणि गणपतीपासूनचे सगळे कागद, सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, त्या वैद्यांच्या पुड्यासुद्धा सोबत घ्या. आणि त्याच दिवशी आईला पण घेऊन जा. तुम्ही आईचं 'एक बरं आहे' म्हणून शेवटी लिहिलंय, पण पत्र वाचताना मी पहिली थांबले ती आईपाशी. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. आण्णांना कॅन्सर आहे का नाही हे मी सांगू शकत नाही, त्यांना न तपासता कुणीच सांगू शकणार नाही, त्यामुळं ते मी करणार नाही. पण तुमचा प्रश्न वेडेपणाचा नाही, आणि भावाचं उत्तर घाईचं आहे.

तुम्ही वाचलं ते खरं आहे. डेन्मार्कमध्ये जवळजवळ प्रत्येक माणूस एका ठरलेल्या फॅमिली डॉक्टरकडं नोंदवलेला असतो आणि कोण कधी डॉक्टरकडं गेलं, कुठली चिठ्ठी मिळाली, कुठली तपासणी झाली ह्याची सगळी नोंद राहते. मग तिथल्या संशोधकांनी कॅन्सर निघालेल्या लोकांची नोंद उलटी वाचत नेली, निदानाच्या तारखेपासून मागं मागं, तर दिसलं काय की निदानाच्या आधीच्या काही महिन्यांत ह्या लोकांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या वाढलेल्या, चिठ्ठ्या वाढलेल्या, रक्ताच्या तपासण्या वाढलेल्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर निदानाच्या आधी मूळव्याधीची औषधं लिहून दिल्याचं आणि हिमोग्लोबिन तपासल्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणजे माणूस येत होता, सांगत होता, डॉक्टर काहीतरी देत होते, आणि खरं कारण खाली तसंच होतं. आपल्याकडं मूळव्याधीच्या बोर्डाखाली किती जण वर्ष वर्ष मलम लावत बसतात ते डॉक्टर म्हणून मी रोज बघते, म्हणून हे वाचून मला नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं.

आता ह्यातली मेख नीट समजून घ्या, नाहीतर झोप अजून उडेल. हे सगळं कॅन्सर झालेल्यांपासून मागं जाऊन बघितलेलं आहे. कॅन्सरवाल्यांच्या फेऱ्या वाढतात म्हणजे फेऱ्या वाढलेल्या माणसाला कॅन्सर असतो असं नव्हे. सारखं दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. कुणाला पित्ताचा त्रास असतो, कुणाचा थायरॉईड बिघडलेला असतो, कुणाला रिटायर झाल्यावर आलेलं नैराश्य असतं, आणि ते पण खरं दुखणंच आहे, त्याला नाद म्हणायचं नाही. इंग्लंडमधल्या पूर्णवेळ काम करणाऱ्या फॅमिली डॉक्टरला वर्षभरात हजारो भेटींमधून नवे कॅन्सर साधारण आठच भेटतात असं तिथं सांगतात. त्यामुळं ॲसिडिटी म्हणून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ॲसिडिटीची गोळी देणारा डॉक्टर चुकला असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी ते बरोबरच असतं. प्रश्न तिसऱ्या फेरीचा आहे.

आणि किती वेळा गेले हा आकडा एकटा काही सांगत नाही. एखादी बाई वर्षानुवर्षं दर महिन्याला बीपी दाखवायला येते, तिची बारावी फेरी ही बातमी नाही. पावसाळ्यात आपण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो, ३९ ला इशारा, ४३ ला धोका हे पोरांनासुद्धा पाठ आहे, पण लगेच दुसरा प्रश्न असतो, वाढतंय का उतरतंय? इथं तो दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आण्णा तीन महिन्यांतून एकदा जाणारे होते, ते पंधरा दिवसाला जायला लागले. स्वतःच्या आधीच्या वागण्यात फरक पडला. साठीच्या पुढच्या माणसात असा फरक दिसला की मी तरी कारण सापडेपर्यंत सोडत नाही.

आता कुठल्या कॅन्सरला किती फेऱ्या लागतात हे बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये २०१० साली कॅन्सरच्या रुग्णांचा मोठा सर्व्हे झाला, त्यातल्या ४१ हजारांवर लोकांची उत्तरं तपासून २०१२ साली निष्कर्ष छापून आले. बहुतेकांना एकदोन फेऱ्यांतच पुढं पाठवलेलं होतं, साधारण चारातल्या तिघांना. पण तीन किंवा जास्त फेऱ्या कुणाला माराव्या लागल्या ते कॅन्सरगणिक फार वेगळं निघालं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ७.४ टक्के. मल्टिपल मायलोमा म्हणून हाडांच्या मगजातला कॅन्सर असतो त्यात ५०.६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ४१ टक्क्यांच्या आसपास. कारण सरळ आहे. स्तनातली गाठ हाताला लागते, बाई सांगते गाठ आहे, डॉक्टरला पण दुसरं काही सुचत नाही, सोनोग्राफी मॅमोग्राफी होते. मायलोमा काय सांगतो? पाठ दुखते, थकवा येतो, रक्त कमी आहे. साठीच्या पुढं कुणाची पाठ दुखत नाही? फौंड्रीत तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाची तर दुखणारच असं डॉक्टरपण म्हणणार, मुलगापण म्हणणार, आणि आण्णा स्वतः पण म्हणणार. त्याच अभ्यासात तरुण रुग्ण आणि बायका ह्यांना जास्त फेऱ्या माराव्या लागल्या असंही दिसलं, कारण ह्या वयात कॅन्सर कुठला, हिला टेन्शन असेल, असं समोरच्याला पटकन वाटतं. हे इंग्लंडचं झालं, पण आपल्याकडची सून डोकेदुखी घेऊन गेली की काय ऐकून येते ते मी वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमध्ये जेस नावाची २७ वर्षांची मुलगी होती, काही महिन्यांत तिनं वीसहून जास्त वेळा आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्याशी संपर्क केला, कॅन्सर सगळीकडं पसरल्यावर निदान झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये ती गेली. तिच्या आईवडलांनी पाठपुरावा केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथं तिच्याच नावानं नियम आणला गेला. एकाच तक्रारीसाठी माणूस तिसऱ्यांदा आला, किंवा त्रास वाढत चालला, तर डॉक्टरनं आधीचं निदान बाजूला ठेवून नव्यानं विचार करायचा. समोरासमोर तपासायचं, रक्त बघायचं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं किंवा पुढं पाठवायचं. मला हा नियम फार आवडतो कारण त्यात डॉक्टरवर आरोप नाही, थांबून परत विचार करायची शिस्त आहे.

पण ताई, हाच नियम कोल्हापुरात लावायचा म्हटलं तर कुणाला लावणार? आण्णा ॲसिडिटीला एकीकडं, पाठीला दुसरीकडं, सलाईनला तिसरीकडं, पोटाला गडहिंग्लजला. तुम्ही मोजलंत म्हणून सात फेऱ्या दिसतात. हाडाच्या डॉक्टरांना फक्त पाठदुखीच्या दोन फेऱ्या माहीत आहेत, त्यांना ॲसिडिटी माहीतच नाही, पँट सैल झाल्याची तर कुणालाच माहिती नाही. सलाईन लावणाऱ्यांच्या दृष्टीनं आण्णा पहिल्यांदाच आलेत. डेन्मार्कच्या कॉम्प्युटरला जो वाढता आलेख दिसतो तो आपल्याकडं फक्त घरातल्या माणसाला दिसतो, ते पण त्यानं लक्ष दिलं तर. तुम्ही दिलंत. म्हणून ती नोंद आता तुम्हीच ठेवायची आहे. एक साधी वही किंवा फाईल करा, पहिल्या पानावर तारीख, कुठले डॉक्टर, काय तक्रार, काय दिलं, फरक पडला का, आणि दर रविवारी वजन. बस. तपासण्यांची नोंद मोबाईलवर ठेवणारं सरकारी आभा कार्डबिर्ड काढायचं तर काढा, पण तोपर्यंत वही थांबायला नको.

त्यात अजून एक गोष्ट होते ती आण्णांच्या बाबतीत मला स्पष्ट दिसतेय. ज्याला आधीच एखादा आजार आहे त्याच्या प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार असतं. अशक्तपणा? शुगर. वजन उतरलं? गोड सोडलं. पोट साफ नाही? गोळ्यांमुळं. आणि ही उत्तरं खोटी असतात असंही नाही, शुगर वाढली तर वजन खरंच उतरतं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी १२ कमी होऊन थकवा येऊ शकतो. पण उत्तर तयार आहे म्हणून तपासायचं राहतं. एक साधी परीक्षा सांगते. गोड सोडून वजन कमी झालं असेल तर शुगर सुधारायला पाहिजे. वजन उतरतंय आणि शुगर मात्र आधीपेक्षा वर चाललीय, गोळ्या वाढवायला लागताहेत, असं असेल तर ते गोड सोडल्याचं वजन नव्हे. शेवटचे दोनतीन शुगरचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी असेल तर उत्तमच.

डॉक्टरांकडं गेल्यावर काय मागायचं ते सांगते, म्हणजे तुम्ही घाबरून अर्धं विसरणार नाही. आधी वजन. सहा महिने ते वर्षभरात, न ठरवता, पाच टक्के कमी झालं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आण्णांचं जुनं वजन कुठल्यातरी शुगरच्या कागदावर असणारच, शोधा. मग रक्त, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ईएसआर म्हणजे अंगात कुठं सूज आहे का त्याचा अंदाज देणारी टेस्ट, कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरच्या टेस्ट आणि एचबीएवनसी. ह्यातलं काहीही महागडं नाही, कुठल्याही लॅबमध्ये होतं. इंग्लंडमध्ये नाईस नावाची सरकारी संस्था डॉक्टरांना सूचना देते, त्यात लिहिलंय की साठीच्या पुढच्या माणसाची हाडं, खास करून पाठ, न थांबता दुखत असेल तर सीबीसी, कॅल्शियम आणि ईएसआर करायचंच, मायलोमासाठी. आणि साठीच्या पुढं वजन उतरतंय आणि त्यासोबत पाठदुखी, पोटदुखी, बद्धकोष्ठता, मळमळ, जुलाब किंवा नव्यानं निघालेली शुगर ह्यातलं काही आहे तर पोटाचा सीटी स्कॅन लवकर करायचा, स्वादुपिंडासाठी. तसंच ५५ च्या पुढं वजन कमी होणं आणि सोबत ॲसिडिटी किंवा वरच्या पोटात दुखणं असेल तर दुर्बिणीनं जठर बघायचं. आण्णांची तुम्ही लिहिलेली लक्षणं ह्या तिन्हीत थोडी थोडी बसतात, म्हणून मी एवढं ठामपणे सांगतेय. ह्याच लक्षणांमागं आपल्याकडं मणक्याचा टीबी पण असू शकतो, थायरॉईड असू शकतं, नुसती बिघडलेली शुगर असू शकते, आणि ती सगळी उपचारानं बरी होणारी किंवा आटोक्यात येणारी आहेत, पण तपासल्याशिवाय कुणाला कळणार?

सीबीसीचा कागद आला की हिमोग्लोबिन तर सगळेच बघतात, तुम्ही प्लेटलेटपण बघा. कमी नव्हे, जास्त. इंग्लंडमध्ये २०१७ साली चाळिशीच्या पुढच्या लोकांचा मोठा अभ्यास आला, प्लेटलेट चार लाखांच्या वर असलेल्या पुरुषांपैकी ११.६ टक्के आणि बायकांपैकी ६.२ टक्के लोकांना पुढच्या वर्षभरात कॅन्सर निघाला, ज्यांच्या प्लेटलेट नॉर्मल होत्या त्यांच्यात हे प्रमाण साधारण ४ आणि २ टक्के होतं. म्हणजे प्लेटलेट वाढलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी पुरुषांना काही निघालं नाही हेही लक्षात ठेवा, इन्फेक्शननं आणि लोह कमी असल्यानंसुद्धा प्लेटलेट वाढतात. पण वाढल्या असतील तर डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. डेंग्यूमुळं आपल्याला प्लेटलेट म्हटलं की कमी झाल्याचीच भीती वाटते, वाढल्याकडं बघायची सवयच नाही.

सोनोग्राफी नॉर्मल आली की घरी पेढे वाटू नका. स्वादुपिंड पोटात मागं असतं, गॅसमुळं सोनोग्राफीत बऱ्याचदा नीट दिसतच नाही, रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलंही असतं पण ती ओळ कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. आणि एक करू नका, ते संपूर्ण बॉडी चेकअपचं आणि कॅन्सर मार्करचं पॅकेज. सीए अमुक, सीईए तमुक अशा रक्ताच्या टेस्ट निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला कामाच्या असतात, निरोगी वाटणाऱ्या माणसात शोध घ्यायला नाहीत, उगाच थोडं वर आलं की घरभर रडारड आणि नॉर्मल आलं की खोटा धीर. पैसे जातात ते वेगळंच.

बोलायचं कसं हे पण लिहिते कारण तिथंच आपली माणसं अडतात. डॉक्टरांसमोर बसल्यावर आण्णा म्हणतील, काय नाही ओ, जरा ॲसिडिटी आहे. आयुष्यभर कारखान्यात कुरकुर न करता काम केलेली माणसं अशीच बोलतात. म्हणून तुम्ही आत जा. स्वच्छ सांगा, डॉक्टर, पोटाची तक्रार घेऊन आधी तीनदा दाखवलंय, पाठीसाठी दोनदा, वजन एवढ्याचं एवढं झालंय, गोळीनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि परत सुरू होतं, आम्हाला कॅन्सरची शंका येतेय, ती काढून टाकायला काय करावं लागेल? कॅन्सर हा शब्द उच्चारायला घाबरू नका, तो म्हटल्यानं येत नाही आणि न म्हटल्यानं टळत नाही. चांगला डॉक्टर ह्यावर रागावणार नाही, मी तरी रागावत नाही, उलट कुणी असं मांडून सांगितलं की माझं काम निम्मं होतं. निघताना अजून एक विचारा, ह्यानं किती दिवसांत फरक पडायला पाहिजे आणि नाही पडला तर आम्ही परत कधी यायचं? तारीख घ्या आणि त्या तारखेला त्यांच्याकडंच परत जा. फरक नाही पडला म्हणून डॉक्टर बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. डॉक्टर ऐकतच नसतील, वजन न करता तीच गोळी लिहून देत असतील, तर जरूर बदला, पण फाईल घेऊन बदला. आणि त्या पुड्या तोपर्यंत बंद. त्यात काय आहे ते लिहिलेलं नसतं, काही पुड्यांमध्ये स्टिरॉईड सापडतात, त्यानं भूक लागते, दुखणं दबतं, आणि आजार आत चालूच राहतो.

भावाबद्दल. त्याला वाईट मानू नका, वडलांना मोठं काही झालंय हे मनात येऊ नये म्हणून मुलगे असं बोलतात. त्याला भांडून पटणार नाही. त्याला एवढंच सांगा, नुसत्या नादानं माणसाच्या पँटी सैल होत नाहीत, वजनकाट्यावर उभं करून तूच बघ. आणि तपासण्या सगळ्या नीट आल्या, तरी आण्णा सारखे का जातात हा प्रश्न राहतोच. दिवसभर घरात एकटा बसणारा माणूस, झोप लागत नाही, जेवण जात नाही, ह्यातूनही वजन उतरतं आणि दुखणी लागतात. तेव्हा मग मनाच्या डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. पण क्रम असाच, आधी शरीर बघून घ्यायचं.

आता आई. ताई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू आहे. 'मिश्री सोडली तर व्यसन नाही' हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्या खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच ते दात घासणं वाटतं. दिवसातून तीनतीन चारचार वेळा, हिरडीवर बोटानं, वर्षानुवर्षं. आणि अशी बाई, आपल्या कोल्हापूरची, तांबडा रस्सा खाऊन मोठी झालेली, आयुष्यभर कांदा-लसूण चटणीत जेवलेली, ती एकाएकी भाजी बिनतिखटाची वेगळी काढून घ्यायला लागते. हे वय झाल्याचं लक्षण नाही. तोंडात तिखट झोंबणं ही तोंडाच्या आतल्या कातडीत काहीतरी बदलतंय ह्याची सुरुवातीची खूण असू शकते. अशक्तपणासारखं हे मोघम नाही, ह्याला स्कॅन लागत नाही, तोंड उघडायला लावून टॉर्च मारला की बघता येतं. आजच संध्याकाळी बघा. दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या खाली आणि कडांना, ओठाच्या आत, आणि मिश्री जिथं लावते तिथं हिरडीवर. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, लाल मखमली चट्टा, दोनतीन आठवडे न भरणारा फोड किंवा जखम, घट्ट झालेला गाल, तोंडात तीन बोटं उभी मावेनात इतकं कमी उघडणं, गळ्यात गाठ, ह्यातलं काहीही दिसलं तर लगेच. आणि काही दिसलं नाही तरी दाखवायचंच, कारण तुमचा टॉर्च आणि डॉक्टरांची नजर ह्यात फरक आहे. आणि दुखत नाही म्हणून काही नाही असं समजू नका, सुरुवातीचा तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा दुखत नाही.

म्हणून मी म्हणाले की पत्रात पहिली थांबले ती आईपाशी. सारखं जाणाऱ्या माणसाची निदान कुणीतरी दखल घेतं, तुम्ही घेतलीत. कधीच न जाणाऱ्या माणसाची नोंदच नसते. इंग्लंडमध्ये साधारण पाचातला एक कॅन्सर हा एकदम इमर्जन्सीत येऊन कळतो, आणि अशा लोकांना विचारलं तेव्हा २९ टक्के म्हणाले की त्याआधी आम्ही ह्या त्रासासाठी डॉक्टरला भेटलोच नव्हतो. तिथं डॉक्टर फुकट आहे, तरी. आपल्याकडं बाईनं स्वतःसाठी दवाखान्यात जायचं म्हणजे आधी पोरांच्या परीक्षा, मग सासऱ्यांचं ऑपरेशन, मग दिवाळी, मग सुगी. तुमची आई ठणठणीत आहे म्हणून गेली नसेल, किंवा तिला कुणी चल म्हटलंच नसेल.

तिला न्यायचं कसं? तुला दाखवायचंय म्हटलं की ती येणार नाही हे मला इथं बसून कळतंय. आण्णांच्या सोबत चल म्हणा, तिथं गेल्यावर तोंड दाखव. दातांचे डॉक्टर किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, दोघंही हे बघतात. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी फुकट आहे, आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारलं तर वार आणि वेळ सांगतील. सीपीआर ह्या सरकारी हॉस्पिटलमध्ये ओपीडीला दाखवता येतं, तुकडा काढून तपासायची वेळ आली तर तेही होतं. पाळी गेल्यावर वर्षभरानं परत कधी रक्त दिसलं होतं का, स्तनात कुठं गाठ लागते का, हे तुम्ही लेक म्हणून एकांतात विचारा, ती डॉक्टरला सांगणार नाही पण तुम्हाला सांगेल. मिश्रीवरून पहिल्याच दिवशी भांडू नका, आधी दाखवून घ्या, मग डॉक्टरांच्या तोंडून सोडायचं येऊ दे.

पैशाचं टेन्शन असेल तर पुढं उपचार लागले तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन, केमो, रेडिएशन येतात, रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला भेटा, नंतर नको. सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च आपल्यालाच करावा लागू शकतो, म्हणूनच पॅकेजवर पैसे घालवू नका म्हणतेय.

शेवटी थांबायचं नाही अशा काही गोष्टी, ह्या आठवड्यात अपॉइंटमेंट असली तरी. आण्णांच्या पायात जोर कमी वाटला, चालताना पाय लटपटले, मांड्यांत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर पाठदुखीवाल्या माणसात ही मणक्यातली नस दाबली गेल्याची खूण असू शकते, त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. काळी डांबरासारखी शी किंवा उलटीत रक्त, तेच. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद, अंगाला खाज, तर काविळीच्या गावठी औषधाला कुणी कितीही चांगला गुण सांगितला तरी तिकडं जाऊ नका. साठीच्या माणसाला पोटात न दुखता कावीळ झाली की पित्ताचा मार्ग कशानं बंद झालाय ते आधी बघायचं असतं. तिथं गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.